पार्का बाहेर गेला

१

"आँटी, पार्का नाहीये."

जॉर्जीन ऑक्टोलिक माझ्या काउंटरसमोर उभी राहून एवढंच म्हणाली. तिच्या पापण्यांवरचा बर्फ अजून विरघळला नव्हता. मी तेव्हा एका पर्यटक जोडप्याशी वाद घालत होते. त्यातल्या बाईंना बर्फशिल्पांची बाग बघायची होती आणि बाग बंद आहे हे त्या मानायलाच तयार नव्हत्या.

"थंडीमुळे बर्फ बंद?" त्या म्हणाल्या. "हा काय विनोद आहे?"

"बाई, उणे पंचेचाळीसला बर्फ काचेसारखा होतो. छिन्नी लावली की टवका उडतो. कोरणारी मुलं घरी बसलीत. तुम्ही मस्कऑक्सचं, त्या केसाळ बैलांचं, फार्म बघा, नाहीतर झऱ्यावर जाऊन गरम पाण्यात बसा. आणि हे वसतिगृह आहे, चौकशी केंद्र नाही."

दोघं कुरकुरत निघून गेली. मी जॉर्जीनकडे वळले. "कुठला पार्का?"

"आनाचा," ती म्हणाली आणि तिचा आवाज फाटला.

आना म्हणजे तिची आजी. तो पार्का, म्हणजे टोपीवाला फरचा डगला, मी एकदाच पाहिला होता, पण विसरण्यासारखा नव्हता. जमिनीतल्या खारींची कातडी जोडून केलेला, टोपीला लांडग्याच्या फरची झालर. आनाच्या आईने तो दिव्याच्या उजेडात शिवला होता. किनाऱ्यावरच्या त्यांच्या गावाहून जॉर्जीनने तो विमानात मांडीवर धरून आणला होता, कारण दोन दिवसांनी आमच्या विद्यापीठात मूळ रहिवाशांच्या नाचांचा उत्सव होता. तिचं कुटुंब नाचणार होतं. उद्या संध्याकाळच्या विमानाने आना स्वतः येणार होती, आणि बहुधा शेवटचंच नाचणार होती.

मी बर्निस हौगेन. अलास्कातल्या टेकडीवरच्या या विद्यापीठातलं सगळ्यांत जुनं वसतिगृह मी सांभाळते. माझा जन्म याच गावातला. हरवलेला पाकीट-मोजा शोधणं हे माझं काम आहे, आणि ते मला अजिबात आवडत नाही.

तिसऱ्या मजल्यावर गेलो. दार उघडताच उकाड्याने तोंडात मारल्यासारखं झालं. त्या मजल्याचे हीटर पूर्ण चालू अवस्थेत अडकले होते. मी दुरुस्ती विभागाच्या हातापाया पडून थकले होते. बाहेर हाडं गोठत होती आणि आत मुली बनियनवर अभ्यास करत होत्या.

कपाट उघडं होतं. आडवी दांडी मोकळी. पार्का नाही, आणि तो ज्यावर टांगलेला असे ते रुंद लाकडी हँगरही नाही. कपाटाच्या तळाशी, पार्का टांगला होता बरोब्बर त्याच जागेखाली, करड्या केसांची छोटीशी रास पडली होती.

"डेल्सी कुठाय?" मी विचारलं. डेल्सी ब्रूसार्ड ही जॉर्जीनची खोलीतली जोडीदारीण.

"माहीत नाही. मी तीन दिवस नाचाच्या सरावाला झऱ्यावर होते. तिथे फोन लागत नाही. आत्ता येतेय." तिने डेल्सीच्या खुंटीकडे बोट दाखवलं. खुंटीवर डेल्सीचा जाडजूड कोट नव्हता.

खाली आलो. काउंटरवर आता वेस्ली टोफ्ट बसला होता. तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, फोन घेण्याचं काम करतो आणि ते करताना सँडविच खातो.

"पार्का ना?" तो घास गिळत म्हणाला. "अरे हो, निरोप द्यायचा राहिलाच. डेल्सीचा काल फोन आला होता. पार्का बाहेर गेला. ती घेऊन गेली, लुइझियानाला."

२

आमच्याकडे 'बाहेर' या शब्दाला वजन आहे. अलास्का सोडून जे जग आहे ते सगळं 'बाहेर'. सिॲटल बाहेर, न्यूयॉर्क बाहेर, लुइझियाना तर फारच बाहेर. मुलगा बाहेर शिकायला गेला, शेजारी म्हातारपणी बाहेर राहायला गेले, असं आम्ही बोलतो, आणि ते ऐकून कुणी कुठे म्हणून विचारत नाही.

"काल निरोप आला आणि तू आज सांगतोस?" मी वेस्लीवर खेकसले.

"बॉस, ही आज आली! कुणाला सांगू? भिंतीला?"

"काय म्हणाली नक्की?"

"सांगितलं ना. पार्का बाहेर नेलाय म्हणाली. कुणाच्या तरी फोनवरून करत होती, विमानतळावरून. मागे भोंगा वाजत होता. आणि म्हणाली, तिथे तो नीट राहील."

जॉर्जीनने काउंटरची कड धरली. "काय म्हणाली?"

"तिथे तो नीट राहील."

"नीट राहील," जॉर्जीन पुटपुटली. मग मोठ्याने म्हणाली, "आमच्या वस्तू उचलून नेणारा प्रत्येक माणूस हेच म्हणाला, आँटी! माझ्या पणजोबांचा ढोल नेला तेव्हा हेच. मुखवटे नेले तेव्हाही हेच. तुमच्याकडे खराब होईल, आमच्याकडे नीट राहील. आणि आता डेल्सीसुद्धा! मी तिला माझ्या ताटातलं सुकं साल्मन दिलं!"

साल्मन घरून आलेलं असलं की ही मुलं ते सख्ख्या भावालाही देत नाहीत. मला तिचं दुःख कळलं.

"आधी फोन करू," मी म्हणाले. "आरडाओरडा नंतर."

जॉर्जीनने डेल्सीचा नंबर लावला. लागला. वाजू लागला. आम्ही तिघं श्वास रोखून उभे होतो, तेवढ्यात जिन्यावरून एक मुलगी ओरडत खाली आली. "कुणाचा फोन वाजतोय वरती? उशीखाली ठेवून गेलंय कुणीतरी, बंद तरी करा!"

मी कपाळावर हात मारला. डेल्सी लुइझियानात आणि तिचा फोन तिच्या उशीखाली. तिच्या घरचा नंबर माझ्याकडे होता, तो लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"घरात कुणीच नाही?" वेस्ली म्हणाला. "की उचलत नाहीत?"

"सत्राच्या मध्येच ही मुलगी न सांगता घरी का गेली?" मी विचारलं. तेवढ्यात माझ्यामागे बूट आपटत कुणीतरी येऊन उभं राहिलं.

३

सुरक्षा विभागाचा हॅन्रहान होता. ॲरिझोनाचा माणूस. इथे दोन हिवाळे काढले आणि आमच्यापेक्षा जास्त इथला झाला. मी त्याला बोलावलं नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या मुलींनी बोलावलं होतं.

"ऐकलं मी सगळं," तो हातमोजे काढत म्हणाला. "माल बाहेर गेला. सरळ प्रकरण आहे. असल्या जुन्या पार्काला बाहेर गिऱ्हाईक असतं. मुलीने हेरलं, मैत्रीण झऱ्यावर गेल्याचं बघितलं, उचलला आणि पळाली. ओढाताणीत केस तुटले, ते कपाटात पडलेत."

"ओढाताण कुणाशी? हँगरशी?"

"बर्निस, तुम्ही उगाच फाटे फोडता."

मला त्याचा राग येतो तो अशा वेळी. त्याचं म्हणणं खोडायला माझ्याकडे काही नव्हतं आणि मान्य करायलाही जीभ रेटत नव्हती. डेल्सीला मी ओळखत होते. दलदलीतल्या गावातून आलेली, पहिल्या थंडीत रडलेली, आणि मग हट्टाला पेटून बर्फ कोरायच्या वर्गात गेलेली मुलगी. उणे चाळीस झाल्यावर तापमानाच्या फलकाखाली पोहण्याच्या कपड्यांत फोटो काढायची इथल्या मुलांना खाज असते. हिने तो काढला, वर मला एक प्रत आणून दिली. बागेत तिची अर्धवट मगर उभी आहे. शेपूट व्हायच्या आधीच थंडीने वर्ग बंद पाडला. अशी मुलगी चोर असूच शकत नाही असं मी म्हणत नाही. पण मला पटत नव्हतं.

"दुसऱ्या कुणाची नजर होती पार्कावर?" मी जॉर्जीनला विचारलं.

"पेटिबोनची."

ड्रू पेटिबोन संग्रहालयात काम करत डॉक्टरेट करतो. संग्रहालय आमच्या रस्त्यापलीकडेच आहे. मी त्याला गाठलं तेव्हा तो एका काचेच्या पेटीत पांढरे हातमोजे घालून काहीतरी मांडत होता. माझं बोलणं ऐकून त्याचे कान लाल झाले.

"हो, मागितला होता मी प्रदर्शनाला," तो म्हणाला. "भीक मागितल्यासारखा मागितला. नाही म्हणाली. हक्क आहे तिचा. पण त्या भट्टीत टांगून ठेवायचा? हौगेनबाई, फरला ऊब म्हणजे विष! कातडं वाळतं, केस मुळासकट गळतात. मी दोघींना बसवून समजावलं, फर थंडीत ठेवा, सरळ टांगून ठेवा, घडी घालू नका. जॉर्जीन म्हणाली, आमच्या घरी थंड पडवीतच असतो, पण इथे पडवीत ठेवला तर कुणीही उचलेल. ती दुसरी तेवढी मन लावून ऐकत होती."

"त्या दुसरीला शेवटचं कधी बघितलंस?"

"काल. विमानतळाच्या गाडीत चढत होती. मी हात केला, तिने बघितलंच नाही. डोळे सुजले होते. रडत होती हो ती."

"सामान काय होतं?"

"सामान कसलं, शाळेची सॅक. आणि अंगावर तो तिचा गादीसारखा कोट."

मी परत आले तर हॅन्रहान जॉर्जीनसमोर तक्रारीचा कागद ठेवून बसला होता. मी पेटिबोनचं सांगितलं. रडत होती हे ऐकून तो खूश झाला. "मन खातंय तिचं," म्हणाला. सॅक छोटी होती म्हटल्यावर म्हणाला, "मग आधीच टपालाने पाठवला असेल." या माणसाकडे प्रत्येक भोकाला बूच होतं.

"सही झाली की तिथल्या पोलिसांना कळवतो," तो जॉर्जीनला म्हणाला. "विद्यापीठातून तर ती जाईलच. पण पार्का विकला जायच्या आत हालचाल हवी. उद्या आजी येणार ना? काय सांगणार आजीला?"

"जॉर्जीन, थांब," मी म्हणाले. "एक दिवस थांब."

"का, आँटी? तुम्हीच सांगा ना, दुसरा काय अर्थ होतो त्या निरोपाचा?"

तिने पेन उचललं, डेल्सी ब्रूसार्ड हे नाव स्वतःच्या अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिडलेलीच उठले आणि चिडलेलीच कामावर आले. त्या हँगरने माझं डोकं खाल्लं होतं.

चोर पार्का पळवतो तेव्हा घडी घालतो, गुंडाळतो, कोंबतो. हात-दीड हात रुंदीचं लाकडी हँगर तो कशाला नेईल? आणि केस. ओढून काढला असता तर केस दारापर्यंत सांडले असते. ते तर एकाच जागी होते, रोज थोडे थोडे गळून साचल्यासारखे. म्हणजे उकाड्याने पार्का आधीपासूनच झडत होता, आणि हे डेल्सीला रोज दिसत होतं. बरं, टपालाने पाठवला म्हणावं तर टपालाची प्रत्येक पेटी माझ्या काउंटरवरून जाते. या आठवड्यात तिने साधं पाकीटही पाठवलं नव्हतं. मग पार्का विमानात चढला तरी कसा? सॅकमध्ये मावणार नाही, अंगावर दुसरा कोट होता.

सगळं सांगत होतं की पार्का लुइझियानाला गेलेला नाही. आणि डेल्सीचा निरोप सांगत होता की गेलाय. मी हात टेकले. डेल्सीच्या घरचा फोन पुन्हा लावला. कुणी उचलला नाही.

तेवढ्यात कालचं ते पर्यटक जोडपं परत आलं. मला रडू येईल असं वाटलं. या वेळी मी कागदपत्रांत डोकं घातलं आणि वेस्लीला पुढे केलं.

"पोरा, आम्हाला विमानतळावर जायला गाडी मागवून दे," त्या बाई म्हणाल्या. "आणि जरा लवकर. आमच्या बॅगा बाहेर आहेत."

"अरेरे," वेस्ली मनापासून म्हणाला. "विमान कंपनीने सिॲटललाच ठेवल्या का? नेहमीचंच आहे त्यांचं."

"सिॲटल?" बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "बाहेर म्हणतेय मी! बाहेर! दाराबाहेर, पायरीवर! तुम्ही लोक इंग्रजी बोलता की आणखी काही?"

मी कागद खाली ठेवले.

"वेस्ली," मी म्हणाले. "इकडे ये."

"बॉस, गाडी मागवतोय—"

"गाडी जाऊ दे खड्ड्यात. परवा डेल्सी फोनवर काय म्हणाली, ते तिच्या शब्दांत सांग. तुझं एक अक्षर घालायचं नाही."

"सांगितलं की. पार्का बाहेर नेला लुइझियाना—"

"लुइझियाना हा शब्द ती म्हणाली?"

त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. विचार करताना त्याचं कपाळ आक्रसतं. "ती म्हणाली, 'वेस, डेल्सी बोलतेय. जॉर्जीन आली की सांग, पार्का मी बाहेर नेलाय, तिथे तो नीट राहील.' मग भोंगा वाजला. मग म्हणाली, 'मी घरी चाललेय, विमान लागलं.' आणि फोन गेला."

"म्हणजे पार्का बाहेर, हे एक. आणि ती घरी, हे दुसरं. दोन्ही तू जोडलंस."

"बाहेर म्हणजे आणखी काय असतं, बॉस?"

"तुझ्यासाठी आणि माझ्यासाठी काही नसतं! अरे, पण ती कुठली? ती इथली आहे का? ती सप्टेंबरमध्ये आलीय! तिच्या भाषेत बाहेर म्हणजे दाराबाहेर, थंडीत! तू ध चा मा केलास आणि आम्ही सगळ्यांनी त्यावर माना डोलावल्या."

वेस्लीच्या हातातलं सँडविच खाली आलं. मला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण ओरडणार कुठल्या तोंडाने? हाच निरोप माझ्या कानावर पडला होता आणि मीही लुइझियानाच ऐकलं होतं. दाराबाहेर एकदासुद्धा कुणी बघितलं नव्हतं.

"मग पायरीवर टांगलाय का तो?" वेस्लीने घाबरत विचारलं.

"पायरीवर टांगायची अक्कल तुला असेल, तिला नाही. जॉर्जीनला बोलव. बूट घालून ये म्हणावं."

५

जॉर्जीन आली ती ओठ घट्ट मिटून. मी चालता चालताच बोलत होते. त्या थंडीत चालताना बोलू नये, घसा सोलतो, पण मला राहवत नव्हतं.

"ऐक. डेल्सीला तीन गोष्टी हव्या होत्या. पार्का थंडीत हवा, हे पेटिबोनने सांगितलं होतं. सरळ टांगलेला हवा, म्हणून हँगर गेलं. आणि कुलपात हवा, कारण पडवीतून चोरी होईल हे तू सांगितलं होतंस. तुला विचारायचं तर तू झऱ्यावर, फोन लागत नाही. केस गळताना बघून तिच्याने राहवलं नाही. आता सांग, थंड, कुलूपबंद आणि खुंट्या असलेली जागा कुठली, जिची किल्ली डेल्सीकडे आहे?"

जॉर्जीन रस्त्यात थांबली. तिच्या तोंडातून वाफ निघत होती.

"बर्फ कोरायच्या वर्गाची खोपटी," शेवटी वेस्लीच म्हणाला.

"तीच. वर्गातल्या मुलांकडे तिची किल्ली असते. ती खोपटी कधीच तापवत नाहीत. छिन्नी गरम झाली तर बर्फाला चिकटते, म्हणून अवजारं गारच ठेवतात. आणि वर्ग बंद, त्यामुळे आठवडाभर तिकडे कुणी फिरकलेलं नाही."

बागेत शुकशुकाट होता. डेल्सीची बिनशेपटीची मगर धुक्यात उभी होती. तिच्यामागे खोपटी, दाराला कुलूप. माझ्या जुडग्यात त्याची किल्ली निघाली, पण कुलूप गोठलेलं. वेस्लीने लायटरवर किल्ली तापवली. घातली, फिरेना. पुन्हा तापवली. मी त्याच्या हातातून हिसकावून घेतली, माझंही बोट भाजलं, आणि माझ्या तोंडून जे शब्द बाहेर पडले ते माझ्या आईने ऐकले नाहीत हे बरं झालं. चौथ्या-पाचव्या खेपेला कुलूप सुटलं.

आत करवती, छिन्न्या, रबरी बूट. मागच्या भिंतीला कोरणाऱ्यांचे डगले टांगायच्या खुंट्या होत्या. कोपऱ्यातले डगले काढून खाली नीट घडी करून ठेवलेले होते आणि त्या मोकळ्या खुंटीवर, रुंद लाकडी हँगरवर, पार्का होता. खांद्यांवर धूळ बसू नये म्हणून वरून उशीचा धुतलेला अभ्रा घातला होता. त्यावर छोट्या पिवळ्या बदकांची चित्रं होती.

जॉर्जीनने अभ्रा काढला. लांडग्याच्या झालरीत तोंड खुपसलं आणि तशीच उभी राहिली. मला वाटलं, हसेल, नाचेल, मला मिठी मारेल. निदान वेस्लीला तरी तसं वाटलं, कारण तो दात काढून टाळ्या वाजवायच्या बेतात होता.

ती वळली तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"आँटी," ती म्हणाली, "मी सही केली."

६

हॅन्रहानच्या खोलीत मी धडकलेच. त्याला सगळं सांगायला मला फार शब्द लागले नाहीत. त्याने ऐकून घेतलं, खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, "चला, सापडला हे उत्तम."

"तक्रार मागे घे. आत्ता. माझ्यासमोर."

त्याने फोन लावला. कुणाला तरी नाव सांगितलं, गाव सांगितलं, थांबला. "असं का," म्हणाला. "आज सकाळीच? बरं. बरं." फोन ठेवून तो आपल्या बोटांकडे बघत बसला. पहिल्यांदाच त्याच्याकडे बूच नव्हतं.

"जाऊन आले ते," तो म्हणाला.

मला त्याचं टेबल उलथून टाकावंसं वाटत होतं. पण सही त्याची नव्हती, आणि ज्या शब्दावर ती झाली तोही त्याचा नव्हता. रागवायचं तर कुणावर, हेच कळेना. असला राग फार वाईट.

दुपारी काउंटरवरचा फोन वाजला. वेस्लीने उचलला, ऐकलं आणि एक अक्षर न बोलता जॉर्जीनकडे दिला. ती तिथेच बाकावर पार्का मांडीवर घेऊन बसलेली होती. काउंटरच्या फोनचा आवाज मोठा आहे. मला न ऐकण्याचा काही मार्ग नव्हता. खरं सांगायचं तर मी शोधलाही नाही.

"जॉर्जीन?" डेल्सीचा आवाज थकलेला होता. "पार्का मिळाला ना तुला?"

"मिळाला."

"अजून गळतोय का?"

"नाही. डेल्सी, ऐक—"

"मम्माचं ऑपरेशन झालं काल. अचानकच. डॉक्टर म्हणतात, आता जरा बरी आहे. मी आणि पप्पा इथेच आहोत, घरी कुणी नाही." ती थांबली. "सकाळी दोन पोलीस आले होते. शेजाऱ्यांनी त्यांना इस्पितळाचा पत्ता दिला. मम्मा नुकती शुद्धीवर आली होती. त्यांनी माझी सॅक तिच्या पलंगाशेजारी उलटी केली. सगळं जमिनीवर. मम्मा विचारत होती, काय केलंस तू, काय केलंस?"

जॉर्जीनने मांडीवरचा पार्का जवळ ओढला.

"मला वाटलं, कुणीतरी दुसऱ्याने तक्रार केली असेल," डेल्सी म्हणाली. "त्यांनी मला सही दाखवली. मला तुझी सही माहितेय."

"वेस्लीने निरोप चुकीचा दिला. म्हणजे त्याची चूक नाही. बाहेर म्हणजे आमच्याकडे—"

"निरोपाचं सांगितलं मला त्यांनी. मला म्हणाले, तू स्वतः फोनवर कबूल केलंस की वस्तू राज्याबाहेर नेलीय. शब्दाचं जाऊ दे. शब्द चुकतो." पलीकडे कुणीतरी खोकलं. "मला एवढंच सांग. तुला खरंच वाटलं का मी चोरला म्हणून?"

मी जॉर्जीनकडे बघत होते. खोटं बोल, मी मनात म्हणत होते. सांग की हॅन्रहानने जबरदस्ती केली, सांग की मन मानत नव्हतं. त्या जुन्या हट्टी कुटुंबातली मुलगी ती. तिने फोन दोन्ही हातांनी धरला.

"हो," ती म्हणाली. "वाटलं."

मग डेल्सी म्हणाली, "बरं झालं खरं सांगितलंस. मी पुढच्या आठवड्यात येईन. परीक्षा बुडवायची नाहीये मला. पण त्या खोलीत नाही. बर्निसना सांग, दुसरी बघून ठेवा." आणि फोन ठेवल्याचा आवाज आला.

रिकामी खोली माझ्याकडे एकच होती. तळघरात, कपडे धुवायच्या यंत्रांना लागून. खिडकी नाही, दिवसभर घरघर. ती मी कुणाला देत नाही. जॉर्जीनला ते ठाऊक होतं, सगळ्यांनाच ठाऊक आहे.

"ती मला द्या, आँटी," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? तिने बदलून मागितलीय, तू नाही."

"तिला वरची राहू दे. तिला खिडकीतून डोंगर दिसतात ते आवडतात." तिने पार्का काळजीपूर्वक बाकावर ठेवला. "आनाचं विमान संध्याकाळी आहे. पार्का अंगावर घालायच्या आधी तिला सगळं सांगणार मी. त्याआधी सामान हलवते."

मला तिला समजवायचं होतं की खोली बदलून काही होत नाही. वेस्लीलाही समजवायचं होतं, तो कोपऱ्यात डोळे पुसत बसला होता. रहस्य मी सोडवलं होतं, वस्तू परत मिळाली होती, आणि तरी मला जिन्यात बसून भोकाड पसरावंसं वाटत होतं.

जॉर्जीन वरून पुस्तकांचं खोकं घेऊन आली. ते तिच्याने उचलवत नव्हतं, पायरीपायरीवर टेकत होती.

मी पुढे गेले आणि खोक्याची दुसरी बाजू धरली.